‘खेळा’ या शब्दातला ळ

भारतात परदेशी गेम आणणाऱ्या कंपन्यांना आणि त्यांच्या लोकलायझेशन (म्हणजे गेम त्या-त्या देशात आणि भाषेत बसवणाऱ्या) विभागांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

मी सांगलीत राहते आणि गेली अकरा वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. बँकांची ॲप्स, विम्याची माहितीपत्रकं, खतांच्या पिशव्यांवरच्या सूचना, असं सगळं केलं. चार-पाच वर्षांपासून त्यात मोबाइलवरच्या गेमची भर पडली. तुमच्यापैकी काहींचं काम माझ्या हातून गेलं असेल. मधे दोन-तीन एजन्सी असतात, त्यामुळे तुम्हाला माझं नाव माहीत नाही आणि मलाही बहुतेक वेळा तुमचं कळत नाही. म्हणून उघडच लिहिते.

गेल्या मे महिन्यात बहिणीकडे, मिरजेजवळच्या गावी गेले होते. माझी भाची जूनमध्ये पाचवीत जाणार होती. शाळा जिल्हा परिषदेची. दुपारी घरातले सगळे आडवे झाले की आईचा फोन तिच्या ताब्यात येतो. त्या फोनवरच्या एका गेममध्ये नुकतीच मराठी आली होती. भाषांच्या यादीत ‘मराठी’ हा शब्द तिला दिसला, तो तिला वाचता आला, म्हणून तिनं स्वतःच भाषा बदलली. फार खूश होती. मग पहिला पडदा उघडला. मोठं पिवळं बटण, त्यावर ‘खे’, त्यापुढे एक रिकामा चौकोन आणि त्या चौकोनाला चिकटलेला काना.

“मावशी, हे काय लिहिलंय?”

तिथे ‘खेळा’ लिहिलं होतं. गेमच्या फॉन्टमध्ये ळ नव्हता.

हे कसं झालं असेल ते मला लगेच कळलं. गेममध्ये जागा वाचवण्यासाठी अख्खा फॉन्ट भरत नाहीत, लागणारी अक्षरं तेवढी निवडून त्यांचा एक तक्ता करतात. तो तक्ता कुणीतरी हिंदी मजकुरावरून केला होता. हिंदीला ळ लागत नाही म्हटलं तरी चालेल. मराठीत मात्र ळ काढला तर खेळ, वेळ, बळ, शाळा, बाळ, काळा, पिवळा सगळंच जातं. ज्या कामासाठी तो फोन हातात घेतला, त्या कामाचा शब्दच तिला वाचता येत नव्हता.

तरी ती खेळत राहिली. थोड्या वेळानं पाटी आली, ‘तुम्हाला तलवार मिळाला’. ती मोठ्यानं वाचून थांबली, परत वाचली. मग पुढे एक जुनी लाकडी पेटी दिसली, सोनेरी पट्ट्यांची, आणि तिच्यावर बटण होतं, ‘छाती उघडा’. इंग्रजीत ‘चेस्ट’ म्हणजे पेटीही आणि छातीही. कुणीतरी यादीतला पहिला अर्थ उचलला होता. दहा वर्षांच्या मुलीच्या फोनवर ती दोन शब्दांची पाटी मी तिच्या शेजारी बसून पाहिली. ती काही बोलली नाही. सेटिंगमध्ये गेली आणि भाषा परत इंग्रजी केली. इंग्रजी तिला वाचता येत नाही. बटणांच्या जागा तिला पाठ आहेत.

तो गेम मी केलेला नव्हता. पण मी केलेल्या एका गेममध्ये याहून बरं काही निघेल, अशी खात्री मी देऊ शकत नाही, आणि त्याचं कारण सांगण्यासाठीच हे पत्र आहे.

दोन वर्षांपूर्वी एका एजन्सीकडून फाईल आली. बावीस हजार शब्द, नऊ दिवस. एक्सेलच्या पानावर डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मोकळा रकाना. गेमचं नाव नाही, एक चित्र नाही, कोण कुणाशी बोलतंय याचा पत्ता नाही. ४१२व्या ओळीत एकच शब्द होता, ‘ड्रॉ’. धनुष्य ताणायचं की पत्ता ओढायचा? चित्र काढायचं, की सामना बरोबरीत सुटला? मी प्रश्न पाठवला. अशा अडतीस प्रश्नांची यादी पाठवली. उत्तर आलं ते मुदतीची आठवण करून देणारं. मी प्रत्येक ठिकाणी अंदाज बांधला आणि फाईल परत पाठवली. त्यातले किती अंदाज चुकले, ते आजही मला माहीत नाही, कारण तो गेम चालू स्थितीत मला कुणी दाखवलाच नाही. माझ्या भाषेत गेलेलं माझं काम मी पाहिलेलं नाही. असे अनुवादक प्रत्येक भारतीय भाषेत आहेत.

तुमच्या धंद्याला हे काम येत नाही, असं मी म्हणणार नाही. गेम एका देशातून दुसऱ्या देशात नेताना त्याची घडी नव्यानं बसवायची कला तुमच्याकडे चाळीस वर्षांहून जुनी आहे.

१९८० साली जपानमध्ये नामको या कंपनीनं एक गेम आणला, त्याचं नाव ‘पकमॅन’ होतं, इंग्रजीत लिहिताना ‘पी’ नंतर ‘यू’. अमेरिकेत नेताना कुणाच्या तरी लक्षात आलं की यंत्रावरच्या पहिल्या अक्षराची थोडी रेघ खरवडली तर घाणेरडी शिवी होते. म्हणून ‘पॅकमॅन’ झालं. इतकी बारीक नजर! त्याच गेममधली चार भुतं घ्या. जपानीत त्यांच्या नावातच त्यांचा स्वभाव होता. एक पाठलाग करणारं, एक दबा धरून बसणारं, एक लहरी, एक वेड पांघरणारं. अमेरिकेत ती ब्लिंकी, पिंकी, इंकी आणि क्लाइड झाली. कानाला गोड, पण कुठलं भूत कसं वागेल हे नाव ऐकून कळायची सोय गेली. मला विचाराल तर मराठीत मी जपानीकडेच परत जाईन. ‘पाठलाग्या’ म्हटलं की कुठल्याही पोराला कळेल, याच्यापासून पळायचं.

वकिलांचा तो गेम तुम्हाला ठाऊकच आहे, जपानमध्ये २००१ साली आलेला आणि २००५ मध्ये इंग्रजीत ‘फिनिक्स राइट’ या नावानं गेलेला. मूळ नायकाचं आडनाव नारुहोदो. जपानीत त्याचा अर्थ ‘अस्सं होय!’ असा होतो, आणि त्यावर पानोपानी कोट्या. अनुवादकांनी नवं नाव घडवलं, कथा जपानमधून उचलून लॉस एंजेलिसला नेली आणि नायकाच्या साथीदार मुलीची रामेन नूडल्सची आवड बर्गरवर नेली. पुढच्या भागांत जपानी घरं, देवळं, भुताखेतांची गावं येत गेली आणि ती सगळी अमेरिकेतच आहेत असं त्यांना निभावून न्यावं लागलं. नावं बदलली ते मला पटतं, कारण त्यात विनोद अडकला होता. रामेन बदलायचं कारण नव्हतं, असं माझं मत आहे. मिरजेजवळच्या मुलीला रामेन म्हणजे काय ते चित्रावरून कळतं. आमच्यासाठी वाटीतल्या नूडल्सची मिसळ करू नका. पण त्यांनी काम मनापासून केलं होतं, हे वाक्यावाक्यात जाणवतं.

आणि ‘फॉलआउट ३’. या एका गेमबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे.

२००८ सालचा गेम. अणुयुद्धानंतरची उद्ध्वस्त अमेरिका. त्यात एका वस्तीच्या मधोमध न फुटलेला अणुबॉम्ब पडलेला आहे, आणि तो फोडून अख्खी वस्ती उडवायची की नाही हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. जपानी आवृत्तीत तो फोडण्याचा पर्याय काढला. ते काम खेळाडूच्या गळ्यात घालणारं पात्रही काढलं. गेममधल्या एका शस्त्राचं नाव ‘फॅट मॅन’ होतं. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचं नाव तेच. जपानसाठी ते नावही बदललं. कुणी म्हणेल, कलाकृतीला कात्री लावली. मला तसं वाटत नाही. ज्यांच्या घरात त्या दिवसाची माणसं अजून हयात होती, त्यांच्या दिवाणखान्यात तो खेळ जाणार होता. ज्यानं तो बदल सुचवला त्याला त्या घरांची आठवण होती.

आता त्याच गेमचं भारतात काय झालं ते पाहा. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की सांस्कृतिक संवेदनशीलता लक्षात घेऊन हा गेम भारतात आणत नाही. गेममध्ये दोन डोक्यांच्या गाई आहेत आणि त्यांना ‘ब्राह्मिन’ म्हणतात, त्यामुळे असेल, असा तर्क लोकांनी केला. जपानसाठी कुणीतरी एकेक संवाद, एकेक नाव हाताळत बसलं, आणि आमच्यासाठी दार लावून घेतलं. एका प्राण्याचं नाव बदलणं एवढं अवघड होतं का? अवघड नव्हतं. त्या वेळी आमच्यासाठी बसून काम करावं असं कुणाला वाटलं नाही, इतकंच.

त्यानंतर वाटलं. पण कधी वाटलं, तेही बोलू.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होता. २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावानं परत आला, खास भारतासाठी नव्यानं बांधलेला. लाल रक्ताच्या जागी हिरवं आलं. ‘मारलं’च्या जागी ‘संपवलं’ या अर्थाचा शब्द आला. हे सगळं आभासी प्रशिक्षण आहे, खरं जग नव्हे, अशी सूचना सुरुवातीलाच येऊ लागली. अठरा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आली, खर्चावर मर्यादा आली. जुलै २०२२ मध्ये तोही बंद झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. चीनमध्ये २०१९ सालीच या खेळाची वेगळी आवृत्ती आली होती. तिथे गोळी लागलेला खेळाडू मरत नाही, गुडघ्यावर बसतो, सामानाची पेटी पुढे ठेवतो, हात हलवून निरोप घेतो आणि नाहीसा होतो.

यातले काही बदल मला आवडले. वेळेची मर्यादा मला आई-बापांच्या बाजूनं योग्यच वाटते. माझा मुद्दा निराळा आहे. हे सगळं करायला माणसं मिळाली, पैसे मिळाले, वेळ मिळाला. रक्ताचा रंग बदलण्यासाठी बैठका झाल्या असतील, वकिलांचा सल्ला घेतला असेल, चाचण्या झाल्या असतील. सरकारची भीती असली की गेम आतून-बाहेरून बदलता येतो. मग खेळणाऱ्याला तो वाचता यावा यासाठी का नाही बदलता येत? आमच्या देशासाठी केलेला बदल म्हणून तुम्ही जे दाखवता, त्यात दिल्लीला काय खटकेल याचा विचार असतो. मिरजेला काय कळणार नाही याचा नसतो. मी त्याला अर्धं लोकलायझेशनसुद्धा म्हणणार नाही.

हा विषय कुठल्या बैठकीत निघाला की ठरलेली उत्तरं येतात. एजन्सीच्या लोकांकडून मी ती इतकी ऐकली आहेत की पाठ झालीत. मराठी माणूस गेमसाठी पैसे मोजत नाही. सगळ्यांना हिंदी येतं. देवनागरी आहेच, हिंदीचं काम झालं की थोडे शब्द बदलायचे.

पहिल्या उत्तरासाठी मी तुम्हाला पोलंडला नेते. १९९४ साली वॉर्सॉमध्ये मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या दोन शाळूमित्रांनी सीडी प्रोजेक्ट नावाची छोटी कंपनी काढली. परदेशातून गेमच्या सीडी आणून विकायच्या, एवढाच धंदा. तिथला बाजार चोरीच्या प्रतींनी भरलेला होता. उघड्या बाजारात कुठलाही गेम नक्कल करून मिळायचा, असली प्रत कोण घेणार? ‘पोलिश माणूस पैसे मोजत नाही’, हेच वाक्य तिथेही होतं. त्यांनी ‘बॉल्डर्स गेट’ हा प्रचंड मजकुराचा गेम घेतला आणि १९९९ साली पूर्ण पोलिशमध्ये आणला. नुसते पडद्यावरचे शब्द बदलले नाहीत. पिओत्र फ्रोन्चेव्स्कीसारख्या नावाजलेल्या नटांकडून आवाज दिले, खोक्यात नकाशा घातला, पोलिशमधलं मार्गदर्शक पुस्तक घातलं. लोकांनी विकत घेतला. चोरीच्या प्रतीत जे मिळत नव्हतं ते त्यांना आपल्या भाषेत मिळत होतं. त्या विक्रीतून ती कंपनी उभी राहिली आणि २००७ साली तिनं स्वतःचा ‘द विचर’ हा गेम आणला. पुढचा इतिहास तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

पोलंडची लोकसंख्या चार कोटींच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेत ज्यांनी मातृभाषा मराठी सांगितली त्यांची संख्या ८ कोटी ३० लाख आहे. दुपटीहून जास्त. यातले सगळे गेम खेळत नाहीत आणि सगळे पैसे देणार नाहीत, मान्य. पोलंडमध्येही सगळे देत नव्हते.

पोलिशचं उदाहरण मी आणखी एका कारणासाठी घेते. तुमचे लोक सांगतात की मराठीचं व्याकरण गेममध्ये बसवायला किचकट आहे. पोलिशमध्ये सात विभक्ती आहेत. ‘तू केलंस’ म्हणताना समोर मुलगा आहे की मुलगी, यावर त्यांचंही क्रियापद बदलतं, आपल्या ‘जिंकलास’ आणि ‘जिंकलीस’सारखं. त्यांनी ते बसवलं. त्यासाठी प्रोग्रामरला अनुवादकाशेजारी बसावं लागलं असेल.

ती तलवारीची पाटी कशी बिघडली, ते जरा जवळून दाखवते. इंग्रजीत एकच वाक्य लिहून ठेवतात, ‘तुम्हाला अमुक मिळालं’ अशा अर्थाचं, आणि ‘अमुक’च्या जागी रिकामी खाच ठेवतात. खेळताना यंत्र तिथे वस्तूचं नाव सरकवतं. इंग्रजीत तलवार येवो की ढाल, वाक्य हलत नाही. मराठीत तलवार मिळाली, भाला मिळाला, पदक मिळालं, बाण मिळाले, नाणी मिळाली. पाच वस्तू आणि चार क्रियापदं. अनुवादकाला एकच रकाना दिला तर चार गोष्टी बरोबर करायला तो कुठून जागा आणणार? पुढे आणखी आहे. ‘घोडा’ या शब्दाला ‘ला’ जोडायचा तर ‘घोडाला’ होत नाही, ‘घोड्याला’ होतं. ‘तलवार’ला ‘ने’ जोडलं तर ‘तलवारीने’. शब्द आतून वळतो. यंत्रानं नुसते तुकडे चिकटवले की जे तयार होतं ते कुठल्याच मराठी माणसाच्या तोंडचं नसतं.

यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. वस्तूंच्या यादीत प्रत्येकीपुढे तिचं लिंग आणि सामान्यरूप लिहायला दोन रकाने द्या, दोन दिवसांचं काम आहे. तेही नको असेल तर वाक्यच न बांधता ‘नवी वस्तू’ असा मथळा देऊन खाली नाव लिहा, प्रश्नच मिटला. ‘तू जिंकलास’च्या जागी ‘विजय तुझा!’ लिहिलं की मुलगा आणि मुलगी दोघांचंही काम होतं. हे आम्हाला सुचतं. पण खाच कुठे आहे आणि तिथे काय काय येणार आहे, हे आधी सांगावं लागतं.

हिंदीवरून मराठी करण्याबद्दल ळ पुरेसा बोलला आहे. तरी फॉन्टबद्दल आणखी एक. ‘ऱ्या’ मधला तो आडवा र, ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ यांतला, हिंदीत लागत नाही म्हणून तुमच्या तक्त्यांत नसतो. त्याच्या जागी काहीतरी भलतं उमटतं. कित्येक गेममध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते, जोडाक्षरं मोडून पाय मोडलेली अक्षरं ओळीनं उभी राहतात. बटणाची उंची इंग्रजीच्या मापानं ठेवली की खालचे उकार कापले जातात. ‘सुरू करा’चं ‘सरू करा’ झालेलं मी स्वतः पाहिलं आहे. देवनागरी अक्षरं नीट जुळवणारी हार्फबझ ही प्रणाली मोफत आहे, अँड्रॉइड आणि क्रोम तीच वापरतात. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मोफत आहेत. बालू तर असा गुबगुबीत आणि ठसठशीत आहे की मुलांच्या गेमसाठीच काढला असं वाटावं. ळही त्यात आहे, फार सुंदर आहे.

आता मला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट. तुमचे बरेच गेम मुळात जपानी. जपानीत कोण कुणाशी कसं बोलतो याला फार महत्त्व. सेवक राणीशी एक बोलतो, राणी सेवकाशी वेगळं बोलते, मित्र मित्राशी तिसरंच. मराठीत अगदी तसंच आहे. तू, तुम्ही, आपण. अरे, अगं, अहो. पण जपानीतून मराठीत येताना मजकूर इंग्रजीतून येतो आणि इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. जे मूळ भाषेत होतं आणि जे माझ्या भाषेतही आहे, ते वाटेत गळून पडतं. माझ्या हातात ‘यू’ येतो आणि मी चाचपडत राहते. सेनापती सैनिकाला ‘कृपया आपण पुढे जावे’ म्हणतो. आजी नातवाला ‘तुम्ही’ म्हणते. राक्षस नायकाला अदबीनं धमकी देतो. मराठी वाचणाऱ्याला वाटतं, अनुवादकाला भाषा येत नाही. त्या वेळी फार वाईट वाटतं, कारण आजी नातवाशी कशी बोलते हे मला माहीत आहे. ती बोलणारी आजी आहे, हेच मला कुणी सांगितलेलं नसतं.

१९९४ साली टेड वूल्झी या अनुवादकानं ‘फायनल फँटसी’ या जपानी गेममालिकेचा सहावा भाग इंग्रजीत नेला, तेव्हा त्यांना जेमतेम ३० दिवस मिळाले होते. गेम ज्या डबीत भरून विकायचा त्या कार्ट्रिजमध्ये जागा कमी, त्यात ज्यांच्या यंत्रावर तो चालायचा त्या निन्टेन्डो कंपनीचे नियम असे की ‘होली’ नावाच्या मंत्राचं ‘पर्ल’ करावं लागलं. तरी त्यांनी लिहिलेली वाक्यं लोक तीस वर्षांनी म्हणून दाखवतात. ते एवढं करू शकले याचं एक कारण मला वाटतं की गेम आणि त्याची माणसं त्यांच्यासमोर होती. प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला कुणीतरी होतं. मला तीस दिवस नकोत असं नाही. पण दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर मी उत्तर देणारं माणूस मागेन.

हिंदी सगळ्यांना येतं, या म्हणण्याबद्दल थोडंच. सिनेमा कळणं वेगळं आणि घाईच्या क्षणी पडद्यावरची सूचना वाचून अंगठा हलवणं वेगळं. माझी भाची हिंदी मालिका पाहते, पण ‘क्या आप वाकई अपनी प्रगति मिटाना चाहते हैं’ हे वाचून तिनं ‘हाँ’ दाबलं होतं. प्रगती म्हणजे काहीतरी चांगलं, एवढं तिला माहीत. तीन आठवड्यांचा खेळ पुसला गेला. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. हे मला बहिणीनं फोनवर सांगितलं आणि त्यानंतरच मी या पत्राला बसले.

इथे काम करणारी माणसं नाहीत, असंही कुणी म्हणू नये. २०२० साली ‘राजी’ हा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवला आणि तो जगभर गेला. मराठीत आवाज देणाऱ्यांची वाण नाही. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांच्या मागच्या दारानं जरी एखाद्या रविवारी उभे राहिलात तरी राक्षस, आजी, सेनापती, विदूषक सगळे एकाच दुपारी मिळतील. आकाशवाणीवर श्रुतिका करून तयार झालेले गळे आहेत. कोल्हापूरची, वऱ्हाडची, मालवणची बोली आहे. तुमच्या गेममध्ये जंगलातला व्यापारी आणि राजवाड्यातला मंत्री एकसारखं बोलतात, त्याची इथे काही गरज नाही.

‘अनचार्टेड’ या गेममालिकेचा २०१७ सालचा भाग पश्चिम घाटात घडतो. पाऊस, दाट झाडी, कोरीव देवळं, डोंगराच्या कडा, सगळं इतक्या मायेनं काढलं आहे की पाहताना डोळे भरून येतात. ज्या डोंगररांगेच्या एका कडेला माझं शहर आहे, ती तुमच्या कलाकारांना इतकी आवडली. तिच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना त्यातली एक ओळही आपल्या भाषेत वाचता येत नाही.

तुम्ही विचाराल, मागणं काय. गेमचं सगळं मराठीत करा असं मी आज म्हणत नाही. एक गेम निवडा. छोटा चालेल. मजकूर पाठवण्याआधी अनुवादकाला तो खेळायला द्या. फाईलमध्ये आणखी एक रकाना ठेवा, त्यात कोण बोलतंय, कुणाशी, आणि त्यांचं नातं काय, एवढं लिहा. जपानी गेम असेल तर मूळ जपानी संवाद आणि जपानी जाणणाऱ्या एका माणसाचा ईमेल द्या. प्रश्नांना दोन दिवसांत उत्तर द्या. काम झालं की बाजारात जाण्याआधी चालू गेम घेऊन मराठी वाचणाऱ्या चार जणांना बसवा, त्यातलं एक तरी मूल मराठी शाळेतलं असू द्या, आणि ते कुठे अडतं, कुठे थांबून परत वाचतं ते शेजारी बसून पाहा. अनुवादकाचं नाव श्रेयनामावलीत घाला. नावासाठी म्हणत नाही, म्हणजे नावासाठीही म्हणते, पण मुख्य म्हणजे आपलं नाव जाणार हे माहीत असलं की माणूस ‘छाती उघडा’ लिहून झोपू शकत नाही.

यंत्राकडून अनुवाद करून घेऊन आमच्याकडे नुसता तपासायला पाठवण्याचं प्रमाण वाढलं आहे, दरही त्याप्रमाणे निम्म्यावर आले आहेत. करा, पण तपासणाऱ्यालाही गेम दाखवा. न पाहिलेल्या पेटीची छाती यंत्रही करतं आणि माणूसही.

माझी भाची या दिवाळीत आमच्याकडे सांगलीला येणार आहे. तिच्याकडचा तो गेम अजून आहे, भाषा अजून इंग्रजीच आहे. तुमच्यापैकी कुणाला त्या चार जणांमध्ये एक मूल हवं असेल तर ती आठ दिवस इथेच असेल. जे वाचता येत नाही ते ती लगेच सांगते.

कळावे,

आपली,
सांगलीची एक मराठी अनुवादक